गळाच्या जागी कॅमेरा

महालयाच्या आधीच्या दिवसांत कोलकात्याच्या कुमारटुलीत शिरायचे म्हणजे अंग चोरून चालावे लागते. गंगेकाठची ही मूर्तिकारांची वस्ती. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना बांबू, पेंढा, ओली माती आणि अर्धवट रंगलेल्या दुर्गा. या सगळ्याच्या मधे कॅमेरे. कारागीर देवीच्या डोळ्याला कुंचला लावतो तेव्हा त्याच्या कोपराशी दोन-तीन भिंगे येऊन थांबलेली असतात. कारागिरांच्या समितीने यावर साधा तोडगा काढला आहे. कॅमेरा घेऊन यायचे तर पावती फाडायची. रक्कम किरकोळ असते, पण त्या पावतीमुळे आलेला माणूस एक गोष्ट कबूल करतो, की आपण इथून काहीतरी घेऊन चाललो आहोत.

हे घेऊन जाणे आपल्या भाषांनाही ठाऊक असावे. मराठीत आपण फोटो काढतो. चित्र काढतो तसा, आणि विहिरीतून पाणी काढतो तसाही. हिंदीत तो खेचतात. बंगालीत छबी ‘तोला’ असते आणि फुले खुडायलाही तेच क्रियापद वापरतात. मराठीत त्याखेरीज ‘टिपणे’ आहे. पाखरू दाणे टिपते, शिकारी सावज टिपतो, कागद शाई टिपतो आणि आई पदराने डोळे टिपते. एका क्रियापदात भूक, हिंसा, नोंद आणि माया अशी सगळी एकत्र नांदतात. त्यात परत देण्याचा अर्थ मात्र कुठे सापडत नाही.

ज्या चित्रपटांत कॅमेरा हेच एक पात्र असते, त्यांच्याविषयी लिहिताना समीक्षा बहुधा ‘पाहणे’ या क्रियेपाशी थांबते. कोण कोणाकडे पाहतो, लपून पाहतो की उघड, पाहणाऱ्याच्या हाती किती सत्ता असते, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत आणि त्यांवर पुष्कळ लिहूनही झाले आहे. मला त्यापुढचा प्रश्न अधिक सतावतो. खटका दाबून झाल्यावर ते चित्र जाते कुठे? ज्याचे होते त्याच्याकडे ते परत येते का? माणसे आयुष्य का टिपतात याचे उत्तरही बहुधा तिथेच मिळते. कोलकात्यात घडलेल्या, किंवा कोलकात्याशी येऊन संपणाऱ्या काही चित्रपटांच्या आधाराने ते शोधून पाहतो.

सुरुवात मृणाल सेन यांच्या ‘खंडहर’पासून करू. १९८४ चा हा हिंदी चित्रपट प्रेमेंद्र मित्र यांच्या ‘तेलेनापोता आविष्कार’ या बंगाली कथेवर आधारलेला आहे. कोलकात्याचा छायाचित्रकार सुभाष दोन मित्रांबरोबर चार दिवस शहराबाहेर जातो. मित्राच्या घराण्याचा पडका वाडा तिथे आहे. त्या पडझडीत जामिनी आणि तिची आंधळी, अंथरुणाला खिळलेली आई राहतात. निरंजन नावाचा कोणी एक जण पूर्वी जामिनीशी लग्न करायचे वचन देऊन गेलेला आहे आणि आई अजून त्याची वाट पाहते आहे. निरंजनने केव्हाच दुसरीकडे संसार थाटला आहे, हे तिच्याखेरीज सगळ्यांना माहीत आहे. सुभाष तिच्या खोलीत येतो, तेव्हा तिला वाटते निरंजनच आला. सुभाष ते नाकारत नाही. तो हो म्हणतो आणि नंतर शहरात परत जातो. जामिनी वाड्यातच राहते. सुभाषच्या स्टुडिओत तिचा फोटो असतो.

नसीरुद्दीन शाह, शबाना आझमी आणि आईच्या भूमिकेत गीता सेन यांचा अभिनय आणि के. के. महाजन यांचे छायाचित्रण यांविषयी स्वतंत्र लिहिता येईल. मला इथे बोलायचे आहे ते सेन यांनी कथेत केलेल्या एका बदलाविषयी. मूळ कथेत छायाचित्रकार नाही. कथा सांगण्याची रीतच वेगळी आहे. निवेदक वाचकालाच ‘तुम्ही’ म्हणतो, आणि तुम्ही जाल, तुम्हाला दिसेल, अशा भविष्यकाळात ती सगळी सहल घडवतो. या ‘तुम्ही’च्या हातात मासे धरायचा गळ असतो. शेवाळलेल्या तळ्याकाठी तो गळ टाकून बसतो, आणि मासा आमिष खाऊन निसटतो. जामिनी पहिल्यांदा दिसते ती त्याच पाण्याकाठी.

सेन यांनी गळ काढून घेतला आणि त्या हातात कॅमेरा दिला. वरवर पाहता ही सिनेमाची सोय वाटते. पडक्या भिंती, वेली, उन्हाचे कवडसे हे सगळे टिपायला छायाचित्रकार हवाच. पण या एका बदलाने कथेचा नैतिक हिशेबच पालटतो. गळ टाकणाऱ्याला थांबावे लागते आणि रिकाम्या हाताने परतण्याची तयारी ठेवावी लागते. कथेतला माणूस तसाच परततो. शहरात पोचेपर्यंत त्याचा निश्चय पक्का असतो, की आपण पुन्हा जाऊ. मग मलेरियाचा ताप भरतो. बरा होऊन उठतो तोवर तेलेनापोता स्वप्नासारखे पुसट झालेले असते. तो वचन मोडतो म्हणण्यापेक्षा विसरतो असे म्हणावे लागते. विसरण्याला आपण सगळेच थोडीफार माफी देतो.

सुभाषला ही पळवाट उरत नाही. त्याच्याकडे फोटो आहे. जामिनीचा चेहरा रोज त्याच्या डोळ्यांसमोर आहे, भिंतीच्या भेगांसकट स्पष्ट. तो विसरलेला नाही, तरी परत गेलेला नाही. प्रेमेंद्र मित्रांच्या कथेत स्मृती हरवल्यामुळे माणूस सुटतो, आणि सेन यांच्या चित्रपटात स्मृती शाबूत असूनही तो सुटतो. मला हा निकाल कथेतल्यापेक्षा कठोर वाटतो. आठवण राहिली की आपण त्या माणसाशी बांधलेले राहतो, असा आपला समज असतो आणि फोटो आपण त्यासाठीच काढतो असे आपण म्हणतो. ‘खंडहर’ या समजाला धक्का देतो. इथे फोटो परत जाण्याची गरजच संपवतो. जामिनी ‘मिळालेली’ असते, मग तिच्याकडे जायचे कशाला?

त्यात एक बारीक गोष्ट आहे. आईला दिसत नाही, म्हणून तिच्या जगात फोटोला काही किंमत नाही. तिला आवाज हवा, आणि हाताला माणूस लागायला हवा. सुभाष तिला आवाज देतो. खोटा का होईना, शब्द देतो. ज्या मुलीला डोळे आहेत तिला तो काहीच देत नाही, आणि तिच्याकडून मात्र चेहरा घेऊन जातो. तो दुष्ट नाही, हीच यातली अडचण आहे. तो हळवा आहे, त्याला कणव येते, आणि ती खरी आहे. पण कणवेचे चित्र झाले की ती तिथेच थांबते.

हा आरोप सेन यांनी आधी स्वतःवर करून घेतला होता, हे विसरून चालणार नाही. चार वर्षांपूर्वी, १९८० मध्ये, त्यांनी ‘अकालेर संधाने’ केला. १९४३ च्या दुष्काळावर चित्रपट काढायला कोलकात्याहून एक चमू हातुई नावाच्या खेड्यात येतो. दिग्दर्शकाची भूमिका धृतिमान चटर्जींनी केली आहे. चमूतली मुख्य नटी आहे स्मिता पाटील, आणि ती चित्रपटातही स्मिता पाटीलच आहे. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारी ही मुलगी एव्हाना देशभर ओळखली जाऊ लागली होती. मराठी प्रेक्षकाला ती इथे बंगाली खेड्यात, बंगाली पात्र रंगवणारी नटी म्हणून दिसते. म्हणजे तीही त्या गावात बाहेरचीच.

या चित्रपटातला एक प्रसंग कॅमेऱ्याविषयीच्या कोणत्याही चर्चेत यायला हवा. फावल्या वेळात ही मंडळी एक खेळ खेळतात. स्मिता एकेक फोटो दाखवते आणि बाकीच्यांनी ओळखायचे, की हा दुष्काळ कोणत्या सालचा. हाडे निघालेली माणसे, रिकामी भांडी, कडेवरची मुले. एक १९४३ चा निघतो, एक १९५९ चा, एक १९७१ चा. उत्तरे चुकतात, कारण फोटोंत फरक सापडत नाही. खेळणाऱ्यांपैकी कोणीही निर्दय नाही, पण खेळ चालू राहतो. ज्यांची छायाचित्रे हातात आहेत त्यांची नावे कोणाला माहीत नाहीत आणि कोणी विचारतही नाही. साल ओळखले की पान उलटायचे. स्मिता पाटील १९८६ मध्ये अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेली. आज तो प्रसंग पाहताना फोटो दाखवणारा तो हातही आपल्यासाठी फोटोतलाच हात झालेला आहे, हे ध्यानात येते आणि खेळ आपल्यापर्यंत येऊन पोचतो.

पुढे गोष्टी बिघडत जातात. चमूच्या खरेदीने बाजारातले भाव चढतात, आणि दुष्काळाचा चित्रपट काढायला आलेल्यांनी गावात नवा दुष्काळ आणला, असे गाव म्हणू लागते. बाबूलोक आकालाचे चित्र घ्यायला आले आहेत आणि आकाल तर आमच्या अंगाअंगावर आहे, अशा अर्थाचे एका म्हाताऱ्याचे बोलणे प्रसिद्ध आहे. पोटासाठी शरीर विकावे लागलेल्या बाईच्या भूमिकेला गावातलीच मुलगी घ्यायचे ठरते तेव्हा मानी घरांतले लोक बिथरतात. ज्यांच्या घरांनी दुष्काळात कमावले, त्यांना तो पडद्यावर नको असतो. चित्रीकरण पाहायला उभी असलेली दुर्गा ही गावातली गरीब बाई एका प्रसंगी किंचाळते. पडद्यासाठी रचलेले तिच्या घरात खरेच घडत असते. शेवटी शाळामास्तरांचा सल्ला ऐकून चमू गाशा गुंडाळतो. शहरातल्या स्टुडिओत उरलेले काम करता येईलच. श्रीला मजुमदार यांनी साकारलेल्या दुर्गेला तशी सोय नसते. चित्रपट तिच्या चेहऱ्यावर संपतो. मूल गेले, नवरा निघून गेला, ती एकटी राहिली, एवढे सांगून तो चेहरा लहान लहान होत जातो.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग कॅमेरा ठेवूनच द्यावा की काय? तसे म्हणता येणार नाही, आणि त्याचे कारणही याच शहरात आणि याच दुष्काळात आहे. १९४३ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात कलकत्त्याच्या पदपथांवर माणसे मरत होती, आणि युद्धकाळातल्या निर्बंधांमुळे वृत्तपत्रांत ते नीटपणे छापून येत नव्हते. २२ ऑगस्ट १९४३ रोजी ‘द स्टेट्समन’ने, इयन स्टीफन्स संपादक असताना, भुकेने मरणाऱ्यांची छायाचित्रे छापली. शब्दांना जी वाट बंद होती ती चित्रांनी काढली, आणि दुष्काळ नाकारणे सरकारला अवघड होऊन बसले. सुनील जाना याच काळात बंगालमध्ये फिरत होते. त्यांची छायाचित्रे कम्युनिस्ट पक्षाच्या ‘पीपल्स वॉर’मध्ये येत. तो मुंबईहून निघे, आणि मराठीत ‘लोकयुद्ध’ होते. अण्णा भाऊ साठ्यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला तो याच दिवसांत. मुंबईच्या गिरणगावात बंगालची भूक पोचली ती अशी, काही छापील चित्रांतून आणि काही डफावर. त्या दुष्काळात मेलेल्यांची संख्या तीस लाखांपर्यंत धरली जाते. एवढी माणसे कोणी न टिपता गेली असती, तर हा अपराध आणखी मोठा झाला असता.

तेव्हा कॅमेरा वाईट की चांगला, असा हा वाद नाही. ‘स्टेट्समन’मधल्या फोटोतली माणसे वाचली नसतील. पण त्यांचे चित्र अशा कोणाकडे तरी गेले, की ज्याला त्याचे उत्तर देणे भाग होते. सेन यांच्या चित्रपटातल्या खेळात तीच चित्रे कोणाकडेच जात नाहीत. ती हातातल्या हातात फिरतात. फरक पडतो तो चित्राच्या प्रवासामुळे, आणि म्हणून मी सुरुवातीला म्हटले, की खटका दाबल्यानंतरचे पाहायला हवे.

टिपण्याच्या बाजूने दुसरे मोठे समर्थन असते ते टिकवण्याचे. वेळ निघून जातो, चित्र राहते. पण आपल्याकडच्या सिनेमाचा आरंभच याविषयी सावध करतो. मुंबईत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली, आणि १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हा त्यांचे स्वागतही टिपले. त्याच सुमारास कलकत्त्यात हीरालाल सेन क्लासिक थिएटरची नाटके आणि शहरातले प्रसंग चित्रित करत होते. १९१७ मध्ये आग लागून हीरालाल सेन यांचे काम भस्म झाले, आणि त्याच वर्षी ते स्वतःही गेले. शहरातल्या बोर्न अँड शेफर्ड या जुन्या स्टुडिओचा संग्रह १९९१ च्या आगीत गेला आणि २०१६ मध्ये तो स्टुडिओही बंद झाला. फिल्म जळते, काच फुटते. टिकावे म्हणूनच माणूस टिपत असता, तर एवढ्या राखेनंतर हा उद्योग थांबायला हवा होता. तो थांबला नाही, म्हणजे टिपण्यामागची ओढ केवळ टिकवण्याची नसावी.

मग ती कसली? पोलंडच्या क्रिस्तॉफ किश्लोव्स्की यांच्या ‘कॅमेरा बफ’ (१९७९) या चित्रपटात याचे एक उत्तर आहे. फिलिप हा कारखान्यातला साधा कामगार नुकत्याच जन्मलेल्या मुलीला टिपायला आठ मिलिमीटरचा कॅमेरा विकत घेतो. हळूहळू कॅमेरा त्याला कारखान्याचा, मग गावाचा, मग महोत्सवांचा करून टाकतो. बायको मुलीला घेऊन निघून जाते. जिच्यासाठी कॅमेरा आणला तीच चौकटीबाहेर जाते. तरी याच चित्रपटात एक वेगळा क्षण आहे. फिलिपच्या मित्राची आई वारते. तिचे थोडेसे चित्रण फिलिपने सहज म्हणून केलेले असते. ते मित्र पाहतो, आणि आपली आई पुन्हा हलताना त्याला दिसते. फिलिपच्या सगळ्या खटाटोपात ज्याचे होते त्याच्याकडे गेलेले एवढेच चित्र आहे. बक्षिसांपेक्षा ते मोलाचे आहे, आणि हे त्याला कळते की नाही, याचा फैसला चित्रपट आपल्यावर सोडतो.

फिलिपचे उत्तर टिपणाऱ्याच्या बाजूचे आहे. टिपले जाणाऱ्याच्या बाजूचे उत्तर मराठीत अलीकडे ‘फोटो प्रेम’ (२०२१) या चित्रपटाने दिले. आदित्य राठी आणि गायत्री पाटील यांच्या या चित्रपटातली माई, नीना कुळकर्णी यांनी रंगवलेली, आयुष्यभर कॅमेऱ्याला बिचकत आली आहे. उतारवयात तिला चिंता लागते, की आपल्यामागे आपला एकही धड फोटो असणार नाही. उद्या भिंतीवर हार कशाला घालतील? वर्तमानपत्रात निधनाच्या बातमीवर काय छापतील? नातवंडे आपला चेहरा कसा ओळखतील? वरकरणी हा हलकाफुलका विषय वाटतो, पण आपल्या घरांत अशा बायका कमी नाहीत. समारंभाच्या फोटोत त्या कडेला असतात, किंवा स्वयंपाकघरात. माईला प्रसिद्धी नको आहे. आपल्या माणसांच्या हाती आपण लागावे, एवढेच तिला हवे आहे. जामिनीला कोणी विचारले असते, तर तिनेही कदाचित हेच सांगितले असते. फोटो काढा, पण तो इथे राहू द्या.

‘खंडहर’नंतर अठरा वर्षांनी कोलकात्याच्या दिशेने निघालेल्या आणखी एका चित्रपटात एक छायाचित्रकार भेटतो. अपर्णा सेन यांच्या ‘मिस्टर अँड मिसेस अय्यर’ (२००२) मधला राजा चौधरी वन्यजीवांचे फोटो काढतो. डोंगराळ भागातून निघालेल्या बसमध्ये त्याच्या ओळखीवर सोपवलेली मीनाक्षी अय्यर, कडेवर तान्हे मूल. वाटेत दंगल पेटते. बस अडवून नावे विचारली जातात तेव्हा जिवावर बेतलेल्या त्या क्षणी कर्मठ घरातली ही सून त्या मुसलमान परक्याला आपला नवरा म्हणून सांगते. पुढचे काही दिवस ती दोघे हे खोटे नाते निभावतात. म्हणजे ‘खंडहर’सारखेच इथेही कोणीतरी दुसऱ्याचे नाव घेऊन उभा आहे. तिथे ते नाव एका म्हातारीला फसवते, इथे ते एक जीव वाचवते.

या प्रवासात राजा फोटो काढत राहतो. गाडी कोलकात्याला पोचते. स्टेशनवर मीनाक्षीचा खरा नवरा घ्यायला आलेला असतो. निरोप घेताना राजा तिच्या हातात फिल्मचा रोल ठेवतो. त्या काळचा रोल म्हणजे एकच प्रत. ती दिली की स्वतःकडे काही उरत नाही. सुभाष जे करू शकला नाही ते राजा करतो. जिचे क्षण होते तिला तो ते परत देतो आणि स्वतः फक्त आठवणीच्या भरवशावर राहतो, प्रेमेंद्र मित्रांच्या कथेतल्या माणसासारखा. ताप आला तर तोही विसरेल.

पण हे देणे निर्दोष आहे का? तो रोल धुवायला टाकायचा तर मीनाक्षीला फोटो स्टुडिओत जावे लागेल, पाकीट घरी येईल, कोणीतरी ते उघडेल. बहुधा ती तो कधीच धुणार नाही. कपाटात, साड्यांच्या घडीखाली तो पडून राहील. म्हणजे राजाने तिला भेटीबरोबर एक ओझेही दिले. तरीही मला हे ओझे योग्य वाटते. तो रोल धुवायचा की उन्हात धरून टाकायचा, हे ठरवणे आता तिच्या हाती आहे. अपर्णा सेन चित्रपट तिथेच थांबवतात आणि आपल्याला ते फोटो दाखवत नाहीत. फोटो आपल्यासाठी नव्हतेच.

आज रोल राहिला नाही. फोनमधला फोटो देऊनही आपल्याकडे उरतो, त्यामुळे परत देण्याला आता त्यागाची गरज नाही. एका बोटाचे काम आहे. तरी आपण ते किती वेळा करतो? प्रवासात चहावाल्याचा, शेतातल्या बाईचा, घाटावरच्या म्हाताऱ्याचा फोटो आपण काढतो, आणि तो शेकडो अनोळखी लोकांपर्यंत पोचवतो. त्या शेकड्यांत तो चहावाला नसतो. सगळ्यांना दिले, म्हणजे ज्याचे होते त्याला दिले, असा आपण सोयीचा अर्थ लावून घेतलेला आहे. कुमारटुलीची पावती मला म्हणूनच प्रामाणिक वाटते. ती निदान देवघेव मानते.

शेवटी याच शहरातली एक जुनी गोष्ट. ‘पथेर पांचाली’तली इंदिर ठाकरून साकारणाऱ्या चुनीबाला देवी ऐंशीच्या घरात होत्या. कोणे काळी रंगभूमीवर कामे केलेली ही बाई, सत्यजित राय त्यांच्यापर्यंत पोचले तोवर विस्मृतीत गेली होती. इंदिरची अंत्ययात्रा चित्रित करताना त्यांनाच तिरडीवर निजवायचे होते. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला हे सांगायचे कसे, याचा राय यांना संकोच वाटत होता. चुनीबाला आनंदाने तयार झाल्या. शॉट संपला, तिरडी खाली ठेवली, दोर सोडले, तरी त्या हलेनात. सगळ्यांच्या काळजात धस्स झाले. मग त्यांनी विचारले, की शॉट संपला का? मला कोणी सांगितलेच नाही, मी आपली मेल्यासारखी पडून आहे!

चित्रपट १९५५ च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्यात प्रदर्शित झाला. त्याआधीच चुनीबाला गेल्या. पण त्या तोवर टिकणार नाहीत, हे राय यांनी ओळखले होते. पहिल्या खेळाची वाट न पाहता ते प्रोजेक्टर घेऊन त्यांच्या घरी गेले आणि त्यांचा चित्रपट त्यांना दाखवला. पुढे जगाने जे पाहिले ते त्या म्हातारीने आपल्या घरात, जगाच्या आधी पाहिले. मी ‘पथेर पांचाली’ जेव्हा जेव्हा पाहतो, तेव्हा मला इंदिर ठाकरूनच्या मागे ती खोली दिसते. भिंतीवर हलणारा उजेड, आणि स्वतःचीच तिरडी पाहत बसलेली एक म्हातारी. टिपलेले परत देणे म्हणजे काय, हे त्या खोलीत कळते.